कायमचा म्हणून घेतलेला परवाना नव्या संगणकावर चालत नसेल, तर मंडळाने काय करावे?

मूळ लेखन (राजेंद्रनगर, इंदूर)

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्याने, एकांकिका आणि गायनाचे कार्यक्रम यांच्या चित्रीकरणाचे संपादन मी बरीच वर्षे करत आले आहे. त्यासाठी मंडळाने २०११ साली व्हिडिओ संपादनाचे एक सॉफ्टवेअर पूर्ण किंमत मोजून, पक्की पावती घेऊन विकत घेतले होते, आणि परवाना कायमचा आहे असे त्याच्या खोक्यावरच छापले होते. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा चिपची सोय आमच्या जुन्या संगणकात नव्हती. म्हणून सिल्व्हर मॉलमधून नवा संगणक आणला. त्यावर सॉफ्टवेअर इन्स्टॉल झाले, पण सिरियल नंबर टाकल्यावर कंपनीच्या सर्व्हरकडून परवान्याची खात्री करून घेणारे अ‍ॅक्टिव्हेशन होईना. कंपनीला लिहिले, तेव्हा त्या आवृत्तीचा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला असून आता मासिक वर्गणीची नवी आवृत्ती घ्यावी, असे उत्तर आले.

माझ्या मते हा सरळ अन्याय आहे. ज्याला सर्व्हर बंद करायचा आहे, त्याने जुन्या ग्राहकांना अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी शेवटची प्रत द्यायला हवी, कारण कुलूप त्याने लावले आहे आणि किल्लीही त्याच्याकडेच आहे. या अनुभवानंतर मंडळाने वर्गणीच्या वाटेला जाऊच नये, असे मला ठामपणे वाटते. वर्गणी थांबली की आपणच रचलेली टाइमलाइन, म्हणजे चित्रीकरणाचे तुकडे जोडून केलेली मांडणी, आपल्याला उघडता येत नाही. समितीतील एका सदस्यांचे म्हणणे असे, की पैसे एकदा दिलेलेच आहेत, तेव्हा त्याच आवृत्तीची क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याची तपासणी काढून टाकलेली प्रत वापरण्यात गैर काय? मला ते पूर्णपणे चुकीचे वाटत नाही. आपली मते कळवावीत.

प्रतिसाद १ (लग्नसमारंभांचे संपादन करणारा व्यावसायिक, इंदूर)

ताई, आपला राग समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. आपले सॉफ्टवेअर उद्या चालू झाले तरी ते आजच्या कामाला पुरणार नाही. एच.२६५ हे व्हिडिओ आकुंचित करून साठवण्याचे मानकच २०१३ साली मंजूर झाले, आणि आज अनेक मोबाइल त्याच पद्धतीने चित्रीकरण साठवतात. २०११ चे सॉफ्टवेअर ती फाइल ओळखणार कशी? शिवाय मोबाइलच्या चित्रीकरणात दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या कमीजास्त होत राहते, त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तासाभराच्या व्याख्यानाच्या शेवटी ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो. प्रीमिअर प्रो हे संपादनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अडोबीने २०१३ साली यापुढे फक्त वर्गणीचीच पद्धत जाहीर केली, तेव्हा मीही नाराज होतो. पुढे जुळवून घेतले, कारण नवा कॅमेरा किंवा नवे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले की त्याचा आधार मला मोठी रक्कम एकदम न भरता मिळतो.

मराठी टायटलांचेच पाहा. जुन्या आवृत्त्यांमध्ये युनिकोड मराठी लिहिले की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडायची आणि जोडाक्षरे तुटायची, म्हणून आपण सगळे कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या फाँटांवर अवलंबून होतो. आता प्रीमिअर प्रोच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडला की युनिकोड मराठी नीट उमटते. ही सुधारणा होण्यासाठी कोणीतरी पगार घेऊन काम केलेले असते.

प्रतिसाद २ (वकील, लोकमान्यनगर)

क्रॅकच्या मुद्द्यापुरते लिहितो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे; त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारात झालेला नसेल, तर न्यायालय कैद टाळून केवळ ५० हजारांपर्यंत दंड करू शकते, आणि मंडळाला तेवढाच आधार आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप ठेवण्याची मुभा कलम ५२ देते, परंतु त्या मुभेचा अर्थ कोणा अज्ञात माणसाने बदललेली प्रत उतरवून घ्यावी असा होत नाही. आपली पावती कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागताना उपयोगी पडू शकेल. क्रॅकचे समर्थन तिच्याने होणार नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

वकीलकाका, क्रॅकचा विचार मी सोडला, आणि समितीलाही तसे सांगते. परंतु वर्गणीबद्दल दादांचे म्हणणे मला अजून मान्य नाही. आपण लग्नाची फिल्म देऊन पुढच्या कामाला लागता. मंडळाला मात्र दहा वर्षांपूर्वीच्या एकांकिकेतला एक प्रवेश काढून हवा असतो, कारण त्यातले नट आता हयात नसतात आणि घरचे लोक तो मागायला येतात. अशा वेळी चालू महिन्याची वर्गणी भरली आहे की नाही यावर ती आठवण अवलंबून असावी, हे मला मनापासून नको आहे.

प्रतिसाद ३ (संगणक दुरुस्ती करणारी, वडोदरा)

मग एकदाच पैसे भरावे लागणारे किंवा मोफत पर्याय पाहा. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० पिक्सेलपर्यंतच्या चित्राचे काम करते, आणि मंडळाला त्याहून मोठे चित्र क्वचितच लागेल. कमी उजेडात चित्रात दिसणारा खरखरीतपणा (नॉइज) काढण्याची सोय मात्र २९५ डॉलरच्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे. मंद उजेडातल्या नाट्यप्रयोगांसाठी ती उपयोगी पडेल. केडेनलाइव्ह मुक्त परवान्याचे आहे, त्याला अ‍ॅक्टिव्हेशनच लागत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती हीदेखील एका कंपनीचीच मर्जी आहे, हे विसरू नये. आणि सॉफ्टवेअर कोणतेही घेतले तरी जुने प्रोजेक्ट त्यात जसेच्या तसे उघडणार नाहीत: एक्सएमएल किंवा ईडीएल या, संपादनाची यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणाऱ्या फाइलींमधून कट येतात, पण टायटल आणि इफेक्ट बहुधा मागेच राहतात. ताईंना जे जपायचे आहे ते प्रोजेक्टमध्ये शोधू नये, तयार फिल्ममध्ये जपावे.

प्रतिसाद ३

याच्याशी मी सहमत आहे, म्हणून ताईंना एक कळकळीची विनंती करते. जुना संगणक कोणाला देऊ नका आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका, कारण आपले अ‍ॅक्टिव्हेशन आता फक्त त्याच यंत्रात शिल्लक आहे. त्याचे इंटरनेट काढून टाका आणि मदरबोर्ड बदलू नका. बऱ्याच परवान्यांची ओळख मदरबोर्डवरूनच ठरते. मग प्रत्येक जुने प्रोजेक्ट त्यावर उघडून उत्तम दर्जाची एक पूर्ण फिल्म आणि एक टायटलविरहित फिल्म काढा. जुन्या फाँटांतली टायटले नव्या संगणकावर रोमन अक्षरांच्या अर्थहीन ओळी होऊन बसतात, तेव्हा नटांची नावे युनिकोडमध्ये वेगळी टाइप करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. जुन्या कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही कॅसेट असतील, तर त्याही आधी याच यंत्रावर उतरवून घ्या. त्यासाठी कॅमेरा ज्याला जोडतात ते फायरवायरचे पोर्ट नव्या संगणकाला नसेल.

मूळ लेखिकेचे उत्तर

कॅसेट ४० आहेत, आणि पोर्ट खरोखरच फक्त जुन्या यंत्रालाच आहे. येत्या रविवारी पहिली लावते.