अनुभव धागा: पावसाळ्यात काळ्या मातीची पाणंद

नमस्कार मंडळी. मृगाचा पाऊस झाला की मराठवाडा-विदर्भात पाणंदी, म्हणजे रानात जाणारे कच्चे रस्ते, बंद पडतात. खत रानात न्यायचं असतं, दूध डेअरीवर पोचवायचं असतं, पोरांना शाळा असते, आणि मध्ये दोन किलोमीटर काळी. ज्यांचं हे रोजचं आहे त्यांनी नेमकं लिहा: काय करता, किती, आणि कुठे फसतं.

परभणी, ट्रॅक्टर-ट्रॉली
रानाला वापसा (काम करण्याजोगी ओल) लागतो तसा रस्त्यालाही लागतो. धो-धो पाऊस चालू असताना माती पातळ असते, चाकावरून निथळून जाते. खरा त्रास उघडीप पडल्यावर. अर्धवट वाळलेली काळी कणकेसारखी चिकटते. ढेकूळ मुठीत दाबा: हाताला चिकटलं तर थांबा, भुगा झाला तर ट्रॉली जोडा. तीही अर्धीच भरा.

डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा खटका) चाक जागेवर फिरायला लागण्याआधी दाबा, सरळ चाला, वळणाआधी सोडा. आणि फसलेला ट्रॅक्टर काढायला मागच्या चाकांना लाकूड बांधू नका, कितीही घाई असली तरी. लाकूड अडलं की चाक थांबतं, इंजिनाचा जोर ट्रॅक्टरच पुढून उचलतो आणि तो चालकावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढायची साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॉली जोडायच्या दांड्यालाच) लावा, टॉप लिंकला (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याला) कधीच नाही.

लातूर, मोटारसायकल
गाडी पुढच्या मडगार्डमुळे अडते. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटांची फट असते, पन्नास पावलांत ती मातीने गच्च भरते आणि चाक जाम होतं. चार महिने पुढचं मडगार्ड काढून ठेवा किंवा उंच बसवून घ्या. डिकीत जुना खुरपा हवाच. दुसरा गिअर, एकसारखा रेस, पुढचा ब्रेक अजिबात नाही. घरी आल्यावर चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून तेल द्या. चाकाच्या बेअरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.

यवतमाळ, रस्त्याचं काम
ओल्या काळीवर मुरूम टाकणं म्हणजे पैसे चिखलात घालणं. ही माती पाणी प्यायली की फुगते, मऊ पडते आणि मुरूम गिळते. उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिला पाऊस त्या भेगांतून थेट पोटात जातो. म्हणून काम मेअखेरीपर्यंत संपवा, आणि सुरुवात चरांपासून करा.

दोन्ही बाजूंनी चर खोदा, त्यांचं तोंड नाल्यापर्यंत न्या. ३ मीटर रुंदीला मधला भाग कडेपेक्षा ७-८ सेंटीमीटर उंच ठेवा, म्हणजे पाणी थांबत नाही. वर १५ सेंटीमीटर कडक मुरूम, दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. एका किलोमीटरला दाबलेला माल ४५० घनमीटर, म्हणजे सुमारे १६० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतो. दबाईची घट धरून २०० ब्रास मागवा.

एवढं करूनही रस्ता जातो तो बहुधा एकाच कारणाने: रानात गाडी घालायला कुणीतरी चरात माती लोटतो. वरचं पाणी तुंबतं आणि तिथूनच रस्ता खचतो. प्रत्येक वाटेखाली सिमेंटचा पाईप टाका आणि दर मेमध्ये त्यातला गाळ काढा.

अहिल्यानगर, कागदपत्रं
वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, मात्र अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३: बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्हींची गल्लत केली की अर्ज वाया जातो.

व्हरमाँट, अमेरिका
इथे निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आणि चिखल मार्च-एप्रिलचा. गोठलेली जमीन वरून वितळते, खालचा थर बर्फासारखा घट्ट राहतो, त्यामुळे पाण्याला खाली वाट मिळत नाही. पहाटे वरचा थर पुन्हा गोठलेला असतो तेव्हाच निघायचं. दुपारी तोच रस्ता खीर होतो. चाकोऱ्या खोल असतील तर त्यांत उतरू नका, मधल्या वरंब्यावर गाडीचं पोट टेकतं. एक चाक वरंब्यावर आणि एक कडेला ठेवून हळू जा. या दिवसांत जड गाड्यांना बंदीच्या पाट्या लागतात. आपल्याकडेही उसाच्या ट्रॉल्या आणि मुरमाचे हायवा (मोठे डंपर) ओल्या पाणंदीत घालू नयेत.

हिंगोली, आजारी माणूस नेताना
१०८ ची गाडी डांबरीपर्यंतच येईल असं धरून चाला. फोनवर फाट्याची खूण सांगा आणि तिथे माणूस उभा करा. बाजेला दोन बांबू लांबीने बांधा. चौघे उचलायला, चौघे बदलीला. चपला काढा, त्या रुततात. साप चावला असेल तर माणसाला चालवू नका, दोरी आवळू नका, चावलेला अवयव हलू देऊ नका. बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर आशाताईंशी बोलून बाईला आधीच डांबरीवरच्या नातेवाइकांकडे पोचवा, रस्ता कोरडा असतानाच.