पावसात पिल्लांना रक्ताची हगवण, खुराड्यातली ओल जात नाही

परसदार_सत्तरी
घर गोव्यात वाळपईजवळ, मागे कुळागर (पोफळीची बाग). खुराडं ६ × ८ फुटांचं, वर कौलं, जमीन शेणाने सारवलेली, पश्चिमेला ताडपत्री. आत १२ मोठ्या गावठी कोंबड्या आणि पाच आठवड्यांची २५ पिल्लं एकत्र असतात. मिरग लागल्यापासून खाली पसरलेलं भाताचं तूस दोन दिवसांत ओलं होतं आणि सकाळी दार उघडलं की वासाने डोळे झोंबतात. आता पिल्लं पंख पाडून डोळे मिटून बसतात, विष्ठेत ताजं रक्त दिसतं. तीन मेली. मोठ्यांना काहीच नाही. खाणं म्हणजे कोंडा, कणी, उरलेला भात आणि कुटलेली सुक्या बांगड्यांची डोकी. औषध कोणतं द्यावं? आणि पाऊस चतुर्थीपर्यंत असाच राहणार, तर खुराड्यात काय बदलावं?

कोंबडपाळ_फोंडा
वय, रक्त आणि मोठ्या कोंबड्या ठणठणीत, या तिन्ही गोष्टी कॉक्सिडिओसिसकडेच, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूच्या रोगाकडे, बोट दाखवतात. तरी पुढचं पिल्लू मेलं तर ते बर्फाच्या पिशवीसोबत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका. आतडं उघडून पाहिलं की खात्री पटते. हिरवट हगवण, घरघर किंवा मान पिळवटणं दिसलं तर मात्र राणीखेत या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या. त्यावर खाली दिलेलं कॉक्सिडिओसिसचं औषध चालत नाही.

औषध अँप्रोलियम, २०% पाण्यात विरघळणारी पूड. १ लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, सलग पाच ते सात दिवस. तुमची पिल्लं दिवसाला साधारण दोन-अडीच लिटर पाणी पितील, म्हणजे अडीच लिटरला ३ ग्रॅम. चमच्याने अंदाज घेऊ नका, छोट्या काट्यावर तोला. पाणी रोज नवं करायचं. या दिवसांत पिल्लं बाहेर सोडायची नाहीत. पावसाळ्यात अंगणभर डबकी असतात, पिल्लं तिथलंच पाणी पितात आणि औषधाचं भांडं भरलेलंच राहतं. गोव्यात औषध ‘लागू पडत नाही’ त्याचं मोठं कारण हेच. जी पिल्लं उठतच नाहीत त्यांना तेच पाणी चोचीच्या कडेने थेंब थेंब पाजा. अशक्तपणासाठी सोबत बी-कॉम्प्लेक्स देता येईल.

कुळागर_डिचोली
फोंडेकरांच्या बाकी साऱ्याला दुजोरा, पण बी-कॉम्प्लेक्स आत्ता अजिबात नको. अँप्रोलियम जंतूला थायामिन, म्हणजे बी-१, मिळू देत नाही, म्हणूनच तो मरतो. तुम्ही वरून बी-१ घातलंत की औषधाचा जोर गेला. कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवस द्या.

आता खुराडं. पिल्लं आजच वेगळी करा. मोठ्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, पण विष्ठेतून जंतूची अंडी पडत राहतात. ती पडल्या पडल्या बाधत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात, आणि जुलैत तुमच्या तुसात हे तिन्ही आयतं मिळतं. फिनेल किंवा ब्लीचिंग टाकून ती मरत नाहीत. उकळतं पाणी आणि कडक कोरडेपणा, या दोनच गोष्टी घरी जमण्यासारख्या आहेत.

ओल येते कुठून ते आधी शोधा. सारवलेली जमीन पावसात खालून पाणी ओढते. दोन थर चिऱ्यांचा (जांभ्या दगडांचा) चौथरा करा, पण चिरा स्वतःच पाणी शोषतो, त्यामुळे बाहेरून सिमेंटचा गिलावा हवाच. भोवती सहा इंच खोल चर काढा, उतार कुळागराकडे. कौलांची वळचण तीन फूट बाहेर आणा, कारण इथला पाऊस तिरका येतो. ताडपत्री छतापर्यंत बांधली असेल तर वरचा एक फूट उघडा ठेवा. डोळे झोंबतात तो विष्ठेतला अमोनिया. त्याला बाहेर पडायला वाट नसली की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनळी दोन्ही जातात.

तूस चार इंच जाड घाला आणि रोज काठीने उलथा. मूठभर दाबून बघा: गोळा तसाच राहिला तर बदला, हात उघडताच सुटला तर ठीक.

मचाण_काणकोण
पाऊस एवढा असेल तर मी तुसाच्या भानगडीतच पडू नका म्हणेन. जमिनीपासून दोन फूट उंच मचाण करा. कुळागरात पडलेली पोफळ असेलच, ती उभी चिरून रिपा काढा, गोल बाजू वर ठेवून एक इंच फटीने ठोका. पिल्लांच्या भागावर अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारेची चौकोनी जाळी) अंथरा, नाहीतर पाय फटीत अडकून मोडतात. विष्ठा खाली पडते, पक्ष्यांचा तिच्याशी संबंधच तुटतो. खालची आठवड्याला ओढून काढायची. चारी बाजूंनाही तीच जाळी लावा. षटकोनी कोंबडीजाळीतून उंदीर आणि लहान साप सहज येतात.

कुळागर_डिचोली
मचाण उत्तम, फक्त ओढलेली विष्ठा थेट पोफळीच्या मुळाशी टाकू नका, ताजी असताना मुळं भाजतात. पालापाचोळ्यासोबत झाकलेल्या खड्ड्यात दोन-तीन महिने कुजू द्या, आणि तो खड्डा पिल्लांना उकरता येणार नाही असा हवा.

खाद्य_पेडणे
कोणी बांगड्यांच्या डोक्यांकडे पाहिलं नाही. ती मिठातली असतात. मीठ जास्त झालं की कोंबड्या पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते आणि तूस वरूनही भिजतं. रात्रभर पाण्यात ठेवून दोनदा पाणी बदला, वाळवा, मग कुटा. पिल्लांना तर नकोच. त्यांना सध्या २० टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर द्या. पिशवीवर कॉक्सिडिओस्टॅट (कॉक्सिडिओसिस रोखणारं औषध) घातल्याचं लिहिलं आहे का ते पाहा आणि औषध चालू असताना तसं खाद्य घ्यावं का हे डॉक्टरांना विचारा. पोतं जमिनीवर ठेवू नका, झाकणाच्या पिंपात ठेवा. बुरशी दिसलेली कणी धुऊन वाळवूनही घालू नका, बुरशीचं विष त्याने जात नाही.

परसदार_सत्तरी
पिल्लं वेगळी करून पडवीत ठेवली, औषध तोलून सुरू केलं. रिपांवर कसले खिळे चालतील? साधे लगेच गंजतात.

मचाण_काणकोण
गॅल्वनाइझ्ड, दीड इंची. रिपेला आधी बारीक ड्रिलने भोक पाडा, थेट ठोकलात तर पोफळ टोकाकडून फुटते.