बारा वर्षांची मालिका, सव्वादोन तासांचा सिनेमा: लक्षात काय राहिलं?

डिचोलीकर
गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावर जत्रेचं नाटक झालं. तिसरी घंटा रात्री साडेअकराला, पडदा पडला पहाटे साडेचारला. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी शेवटच्या रांगेत पोचत होता, राजाची मिशी दुसऱ्या अंकात सुटली, मध्ये दोनदा चहा-भजी झाली. पण नाटक संपलं. खलनायकाचं काय झालं ते कळलं, मग लोक उठून घरी गेले.

घरी आलो तर आई जागी. तिला सहज विचारलं, ‘चार दिवस सासूचे’चा शेवट काय झाला गं? 2001 ते 2013, तीन हजारांवर भाग, आणि हिने जवळपास सगळे पाहिलेले. आई म्हणाली, “सगळी एकत्र आली असतील.” असतील! बारा वर्षं पाहून ‘असतील’!

तीच आई ‘पिंजरा’ 1972 साली म्हापशाला एकदा पाहून आली, लग्नाआधी. आजही मास्तर स्वतःच्याच खुनासाठी फासावर कसा जातो ते ती हातवारे करून सांगते. निळू फुले कुठे कसा हसतो तेसुद्धा.

हिशेब करून बघा. अर्ध्या तासाच्या भागात मालिका असते सुमारे 22 मिनिटं, बाकी जाहिराती. तीन हजार भाग म्हणजे 1,100 तास, म्हणजे सव्वादोन तासांचे पावणेपाचशेहून जास्त सिनेमे. एवढं पाहून एक शेवट आठवत नाही. माझं म्हणणं साधं आहे: शेवट ठरवल्याशिवाय मालिका सुरूच करू नये. ज्या गोष्टीला शेवट नाही ती गोष्ट नव्हे. बोला.

म्हापसा मॅटिनी
शंभर टक्के. ‘तारक मेहता’ बघा. जुलै 2008 ला सुरू झाली, चार हजारांवर भाग झाले. टप्पूचा नट दोनदा बदलला, दया 2017 मध्ये गेली ती परतलेली नाही आणि जेठालाल अजून तिची वाट बघतोय. आमच्या सोसायटीतली पोरं तेवढ्यात शिकून दुबईला नोकरीला लागली.

जुन्या सिनेमाला लोक परत परत जायचे ते उगाच नाही. ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला.

माशेलची सून
डिचोलीकर बाब, तुम्ही आईला चुकीचा प्रश्न विचारलात.

आमच्या घरी सासूबाई ती मालिका ‘बघायच्या’ नाहीत, ऐकायच्या. मोतीबिंदूमुळे पडद्यावरचं धड दिसत नव्हतं. मी आत सोलांची कढी करायची, त्या बाहेरच्या खोलीत. रोहिणी हट्टंगडींचा आवाज चढला की सासूबाई आतल्या आत खूश, कविता लाडचा आवाज कापरा झाला की मी खूश. आम्ही दोघी एकमेकींना जे बोलू शकत नव्हतो ते त्या दोघी आमच्या वतीनं बोलून घ्यायच्या. साडेसातचे आठ झाले की आमचं भांडणही मिटलेलं असायचं, कारण ते टीव्हीत होऊन गेलेलं असायचं.

आता मला शेवट विचारलात तर मलाही सांगता येणार नाही. पण कुठल्या भागाच्या वेळी थोरला मुलगा पहिल्यांदा उभा राहिला, कुठल्या वर्षी सासरे गेले आणि तेरा दिवस टीव्ही बंद होता, आणि चौदाव्या दिवशी सासूबाईंनीच “लाव गो” म्हटलं, ते सगळं सांगते. मालिकेत काय घडलं ते विचारू नका, मालिका चालू होती तेव्हा घरात काय घडलं ते विचारा.

‘पिंजरा’ तुमच्या आईने गावाबाहेर जाऊन, नवी साडी नेसून पाहिला. आठवणारच. रोजचं जेवण कोणाला आठवतं? म्हणून ते जेवण नव्हतं का?

म्हापसा मॅटिनी
वहिनी, रोजचं जेवण पोट भरतं. मालिका नुसती डकार देते.

माशेलची सून
ती तुम्ही भुकेपोटी पाहिली नसेल.

जुना डोअरकीपर
मॅटिनी, 131 आठवड्यांचा आकडा बरोबर, पण तो तुझ्याच विरोधात जातो रे. अडीच वर्षं लोक तीच गोष्ट, तोच शेवट माहीत असून तिकीट काढत होते. म्हणजे ते शेवटासाठी येत नव्हते. लावणीसाठी येत होते, हंसा वाडकरला बघायला येत होते. शेवट कळला की माणूस उठून जातो, हा डिचोलीकरांचा मुद्दा तिथेच लटपटतो.

आणखी एक. मी पणजीच्या एका थिएटरात एकोणीस वर्षं दारावर तिकिटं फाडली. तुम्ही जे ‘जुने सिनेमे, जुने सिनेमे’ करता ते म्हणजे गाळून उरलेले वीस-पंचवीस. बाकीचे मी पाहिलेत. सोमवारी तीनच्या खेळाला अकरा माणसं, त्यातली चार पंख्याखाली झोपायला आलेली. दिग्दर्शकाला स्वतःलाही शेवट ठाऊक नसावा असे सिनेमे होते ते. त्यांची नावं कुणी काढत नाही म्हणून तो काळ सोन्याचा वाटतो. मालिकांचंही पन्नास वर्षांनी तेच होईल, वीस उरतील.

एक मात्र खरं, की बाल्कनीतून खाली येणारा माणूस तोंडावर सिनेमा घेऊन यायचा. दार उघडलं की मला कळायचं, आज लोकांना आवडलं की नाही. टीव्हीच्या माणसाला हे कधी दिसत नाही.

पेडणेकार
‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेचं नाव कुणीच कसं काढलं नाही? सावंतवाडीजवळ आकेरीला चित्रित झाली, म्हणजे आमच्या पेडण्याहून दुचाकीने जाऊन यायच्या अंतरावर. 2016 ला पहिलं पर्व आलं तेव्हा माझ्या बाबांनी, जे मराठीत फक्त पेपर वाचतात आणि बोलतात कोकणी, पहिल्यांदा टीव्हीकडे बघून “हो आमचोच मनीस” म्हटलं. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातल्या मराठीला आम्ही कितीही मान दिला तरी ती पाहुण्यांपुढे बोलायची भाषा. अण्णा नाईक बोलला ती चुलीपुढची.

आणि डिचोलीकर, तिला तीन पर्वं होती. तीनदा सुरू झाली, तीनदा संपली. दुसऱ्या पर्वात तर गोष्ट मागे गेली, म्हणजे शेवट आधीच ठाऊक, तरी शेवंतासाठी अख्खं गाव साडेदहापर्यंत जागं. तेव्हा तुम्ही आणि डोअरकीपर काका दोघेही अर्धे अर्धे बरोबर.

डिचोलीकर
पेडणेकार, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. पर्व संपवायचं ठरलेलं होतं म्हणून ती मालिका ताठ उभी राहिली.

आणि हे घ्या. मार्च 2020 मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा दूरदर्शनने काय परत लावलं? ‘रामायण’. 1987 ची मालिका, 78 भाग. लोकांनी परत डोळे लावून पाहिली. 78 भागांत संपली होती म्हणूनच परत लावता आली. कुणाची हिंमत आहे तीन हजार भाग परत लावायची? ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ 2001 ला आली, 2004 ला थांबली. लोक अजून शोधून बघतात. थांबली म्हणून.

नवी बाय
रामायणाचा शेवट ठरवायला लेखकाला फार त्रास झाला नसेल, काका. 😄

मला दोन्ही पक्ष जरा अतीच वाटतात. जुन्या सिनेमांवर एवढी आरती ओवाळण्याआधी त्यांनी आपल्याला, गोव्याच्या लोकांना, कसं दाखवलं ते बघा ना. ‘बॉबी’ 1973 चा. त्यातला जॅक ब्रगांझा म्हणजे हिंदी सिनेमाचा कायमचा गोंयकार: हातात बाटली, तोंडात ‘मॅन’, मन सोन्याचं. पुढे वीस वर्षं तोच माणूस टोपी बदलून येत राहिला. माझ्या अख्ख्या नात्यात असा एकही माणूस नाही. ‘एक दूजे के लिए’ने दोना पावलाला पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांची रांग दिली, गोव्यातल्या एका माणसाची गोष्ट काही दिली नाही. ‘त्रिकाल’ अपवाद. 1985 चा, श्याम बेनेगलांचा, लोटलीला मारिओ मिरांडांच्या घरात चित्रित झालेला. त्यात घर घरासारखं दिसतं.

स्वतःचं काय होतं तर 1966 चा ‘निर्मोण’, कोकणीतला. ए. सलाम यांनी पुढच्याच वर्षी तो हिंदीत ‘तकदीर’ म्हणून काढला. आमच्या वर्गात विचारलं तर दोन जणांनासुद्धा ठाऊक नव्हता. चांगला शेवट असूनही सिनेमा विसरला जातो, डिचोलीकर काका.

खाणावळवाला
मी वादात पडत नाही, फक्त पाहिलेलं सांगतो.

2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा कितीतरी मालिकांची युनिटं गोव्यात आली. एका युनिटला तीन आठवडे जेवण मी पुरवलं. साठ-सत्तर पानं, दोन वेळ. पहिल्या दिवशी हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) दिला, दुसऱ्या दिवशी निरोप आला की रोज हेच द्या.

कथेत अख्खं कुटुंब अचानक एका फार्महाऊसवर राहायला आलं होतं. का आलं ते लेखकालाही आदल्या दिवशीच कळलेलं. सीनचे कागद सकाळी यायचे, कधी व्हॉट्सॲपवर. नटी एका हाताने माझी इडली खात दुसऱ्या हाताने संवाद पाठ करायची. दुपारपर्यंत तो सीन झालेला, संध्याकाळी मुंबईला रवाना. आठवड्याचे सहा भाग भरायचे म्हणजे डिचोलीकरांच्याच हिशेबाने 132 मिनिटं. दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा. तुम्ही म्हणता शेवट ठरवून सुरू करा. अहो, तिथे दुपारचा सीन ठरलेला नसायचा!

गुरुवारी सगळे गप्प असायचे. त्या दिवशी टीआरपीचे आकडे येतात. आकडा पडला की एखाद्या पात्राला अपघात होतो. एका गुरुवारनंतर एक वयस्क नट माझ्याकडे येऊन म्हणाला, “उद्यापासून एक पान कमी करा.” मला वाटलं उपास आहे. त्याचं पात्र मेलं होतं.

मेच्या सुरुवातीला गोव्यातही परवानग्या रद्द झाल्या, दोन दिवसांत सामान बांधून गेले.

जुना डोअरकीपर
खाणावळवाल्या, त्या नटाचं पुढे काय झालं?

खाणावळवाला
दोन वर्षांनी दुसऱ्या मालिकेत आजोबा म्हणून दिसला. जिवंत आहे अजून त्यात.

म्हापसा मॅटिनी
बघा, हेच म्हणतोय मी! प्रेक्षकाला आवडेल ते दाखवायचं आणि आकडा पडला की माणूस मारायचा. ही गोष्ट सांगणं नव्हे, बाजारात मासळीचा भाव फिरवणं आहे.

माशेलची सून
मासळीला नावं ठेवू नका. ती ताजी असेपर्यंतच विकतात.

डिचोलीकर
आज परत आईला धरलं. म्हटलं, तुला शेवट का ठाऊक नाही ते तरी सांग. ती म्हणाली, “ठाऊक कसा असेल? 2013 च्या सुरुवातीला तुझी बहीण बाळंत व्हायची होती. मी मडगावला तिच्याकडे होते. त्या आठवड्यात टीव्ही कोणी लावलाच नाही.” आणि चुकल्याची जराही हळहळ नाही. मला हे ठाऊकच नव्हतं.

शेवट असावा हे माझं मत कायम आहे. एवढंच की आईचं उदाहरण मी चुकीचं दिलं.

माशेलची सून
काय झालं बहिणीला?

डिचोलीकर
मुलगी. सातवीत आहे आता.

माशेलची सून
तिला ‘पिंजरा’ दाखवलात?

डिचोलीकर
गणपतीच्या सुट्टीत दाखवला. मध्यंतराआधीच झोपली.