शब्दचर्चा: जिवाणूंचा ‘स्ट्रेन’ म्हणजे प्रजाती, प्रकार की वाण?

प्रश्न: मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूंच्या जनुकीय विविधतेवर मराठीत लिहिते आहे. (‘मेंदूज्वर’ मुद्दाम टाळते, कारण जपानी मेंदूज्वर हा वेगळाच, विषाणूचा आजार.) अडले आहे ‘स्ट्रेन’पाशी, म्हणजे एकाच जातीतल्या जनुकीयदृष्ट्या वेगळ्या ओळखता येणाऱ्या जिवाणूंपाशी. बातम्यांत सर्रास ‘नवी प्रजाती’ असते. पण पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज! मग ‘प्रकार’ लिहावे का?

उत्तर: ‘प्रजाती’ नकोच. तुमचा जिवाणू नायसेरिया मेनिन्जायटिडिस असणार: त्यात नायसेरिया ही प्रजाती, मेनिन्जायटिडिस ही जाती, आणि तुमचा विषय त्या एका जातीच्या पोटातली विविधता. ‘प्रकार’ही मला पुरेसा वाटत नाही, कारण इथे वर्गवाऱ्या दोन आहेत. एक बाहेरून. जिवाणूभोवतीच्या शर्करांच्या आवरणावरून १२ सिरोग्रुप पडतात. त्यांपैकी ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय या सहांमुळेच जवळजवळ सगळे आजारपण होते. यांना ‘गट’ म्हणावे. दुसरी वर्गवारी आतून. १९९८ पासून काही ठरावीक जनुकांचे (आता सात) क्रम वाचून नाते लावतात, त्याला मी ‘घराणे’ म्हणेन. एसटी-११ हे असेच एक घराणे. त्यातले जिवाणू कधी सी तर कधी डब्ल्यू गटाचे आवरण घेऊन येतात. अंगरखा बदलला, घराणे तेच! सी गटाचे आवरण ओळखणारी लस डब्ल्यू गटाला अडवत नाही, म्हणून हा भेद वाचकाला कळायलाच हवा. दोन्हींना ‘प्रकार’ म्हटले की तो पुसला जातो.

आणखी एक मत: ‘घराणे’ आवडले, पण त्यातून आईकडून लेकीकडे जाणारा सरळ वारसा डोळ्यांसमोर येतो. हे जिवाणू तर घशात शेजारी राहणाऱ्या निरुपद्रवी नायसेरियांचीही जनुके घेतात. ‘स्ट्रेन’ला मात्र ‘वाण’च म्हणा, पिकांमुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतला वाण म्हणजे रंग. इथे तर शेजाऱ्याचा वाणही लागतो.

प्रश्नकर्ती: गट, घराणे, वाण: तिन्ही घेते. शेजाऱ्याकडून जनुके घेण्याला ‘उसनवारी’ लिहिले होते, पण उसने परत करावे लागते.

उत्तर: ‘देवाणघेवाण’ही नको, देणारा बहुधा मेलेला असतो. फुटलेल्या पेशीतून सांडलेला डीएनए दुसरा आत ओढून घेतो. ‘जनुकांची उचल’ लिहा.