वादी अमेरिकेत, खर्चाचं तारण मागावं का?

आंबेमोहर
आजोबांनी बोरिवलीचा फ्लॅट आईला नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिला. आता मामेभाऊ म्हणतो, फ्लॅट एकत्र कुटुंबाच्या पैशातला, माझाही हिस्सा. तो न्यू जर्सीला असतो, दिंडोशीच्या कोर्टात दावा त्याच्या मुखत्याराने घातलाय. आमचे वकील म्हणतात, सिक्युरिटी फॉर कॉस्टचा, म्हणजे आमच्या कोर्टखर्चापोटी वादीने आधीच तारण द्यावं असा, अर्ज टाकू, पैसे भरायची वेळ आली की दावा सोडून पळेल. ओळखीतले दुसरे वकील म्हणतात, नुसत्या तारखा वाढतील. कुणाला अनुभव?

कोर्टपक्षी
अर्ज टाकण्यासारखा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 25 नेमका यासाठीच आहे. वादी भारताबाहेर राहतो आणि दाव्यातली मिळकत सोडून इथे त्याची पुरेशी स्थावर मिळकत नाही, असं दिसलं तर कोर्ट त्याला प्रतिवादीच्या खर्चापोटी तारण द्यायला लावू शकतं. मुखत्यार इथलाच आहे असं ते म्हणतील. म्हणू देत, प्रश्न वादी कुठे राहतो हा आहे. बँकेतली एफडी दाखवली तर ती स्थावर नाही हे लक्षात ठेवा. ठाण्या-पुण्यात त्याचा एखादा फ्लॅट मात्र नाही ना, ते आधी बघा. संशय असलेल्या इमारतीचा सीटीएस (नगर भूमापन) नंबर मिळाला तर नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधता येतो.

फास्टलोकल
अर्ज करा, पण ‘पळेल’ हे डोक्यातून काढा. तारण ‘खर्चा’चं असतं, आणि आपल्याकडे कोर्ट मंजूर करतं तो खर्च वकिलाच्या खऱ्या बिलापुढे चिल्लर असतो. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला ती रक्कम जड जाणार नाही. खोट्या दाव्याबद्दल त्याच संहितेच्या कलम 35अ खाली भरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा साध्या दिवाणी दाव्यात 3,000 रुपये! विनोद सेठ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने वादीकडून ‘हरलो तर 25 लाख देईन’ अशी हमी मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तो आदेश रद्द केला. समोरच्याला घाबरवण्यासाठी मोठा आकडा लावणं कायद्यात बसत नाही. आणि अर्ज टाकला म्हणून कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, थांबवू नका. इतके दिवस अर्जाची वाट बघत बसलो, हे कारण कुठलंही कोर्ट ऐकून घेत नाही.

चौथा_मजला
मी पलीकडच्या बाजूला, म्हणजे वादी होतो, मस्कतला असताना. आदेश झाला, पैसे भरले, दावा पुढे चालला. एवढंच सांगतो की मुदतीत तारण दिलं नाही तर दावा फेटाळला जातो, आणि नंतर सबळ कारण दाखवून तो पुन्हा उभा करायला नाकी नऊ येतात. म्हणजे हत्यार बोथट नाही, फक्त समोरचा बेसावध असला तरच चालतं.

आंबेमोहर
आभार! एक राहिलं. दाव्यात वादी क्रमांक 2 त्याची बहीण आहे. ती डोंबिवलीला असते.

कोर्टपक्षी
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं ना! एकापेक्षा जास्त वादी असतील तर सगळेच भारताबाहेर हवेत. एक जण डोंबिवलीत असला की परदेशाचा मुद्दा गळाला. तुमच्या वकिलांनी दाव्याचा मथळा पूर्ण वाचलाय ना, तेवढं विचारा. दुसरी वाट आदेश 25 च्या महाराष्ट्रातल्या दुरुस्तीत आहे: दाव्याबाहेरचा कुणी वादीला पैसे पुरवत असेल तर तेही तारण मागायचं कारण होतं, आणि मिळकतीतला हिस्सा त्याला लिहून दिला असेल तर त्या पैसेवाल्यालाच समोर आणता येतं. सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय का? बिल्डरचा माणूस मामेभावाच्या वतीने घिरट्या घालतोय का? नुसत्या संशयावर अर्ज टाकू नका, कागद लागेल.

आंबेमोहर
रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, पण मामेभावाचा त्याच्याशी संबंध असल्याचं काही हाती नाही. बहीण कुठल्या जोरावर वादी झाली, हेच कळत नाही. तिचे आमचे संबंध चांगले आहेत.

फास्टलोकल
मग वकिलाच्या नोटिशीआधी तिला आईने एक फोन करावा. अनेकदा मुखत्यारपत्रावर सही करताना आपण कशाचे वादी होतोय, हे बहिणींना माहीतच नसतं. पण दाव्याबद्दल काहीही लेखी देऊ नका. आणि फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्री पक्षकाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आंबेमोहर
तारणाचा अर्ज तूर्त बाजूला. कैफियत आधी, सोबत बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत. आई आज रात्री डोंबिवलीला फोन करणार आहे.