इमोबिलायझर असला तरी स्टिअरिंग लॉक हवेच

गाडीत कंपनीचा इमोबिलायझर असताना वेगळ्या कुलपावर खर्च कशाला, हा प्रश्न रास्त आहे; तरीही माझे मत वेगळे आहे. किल्लीतल्या चिपचा संकेत जुळल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी ही यंत्रणा नुसत्या तारा जोडून होणारी चोरी नक्कीच रोखते. मात्र सराईत चोर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक गाडीतला बिघाड तपासायला वापरतात त्या जोडणीला) उपकरण जोडून नवी किल्लीच नोंदवून घेतात, किंवा बटणावर सुरू होणाऱ्या गाडीसाठी घरात ठेवलेल्या किल्लीचा संकेत गाडीपर्यंत पोहोचवतात. अशा वेळी स्टिअरिंगवर आडवा बसवलेला जाड लोखंडी दांडा उपयोगी पडतो, कारण तो कापायला वेळ लागतो आणि आवाजही होतो. मी तो रोज रात्री लावतो. जेमतेम दहा सेकंदांचे काम आहे. जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, फक्त माग काढायला मदत करतो, आणि चोराने संकेत अडवणारा जॅमर लावल्यास तेवढेही करू शकत नाही. दुसरी किल्ली मात्र जिवापाड सांभाळावी, कारण चोरीच्या दाव्याच्या वेळी विमा कंपन्या सहसा दोन्ही किल्ल्या मागतात आणि एक नसेल तर दावा अडकू शकतो.