स्टोन्सचा 'स्ट्रिप्ड': लाइव्ह अल्बम की नुसती रंगीत तालीम?

खर्ज:
परवा रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा १९९५चा 'स्ट्रिप्ड' परत सलग ऐकला आणि माझं मत अजूनच पक्कं झालं, यांच्या सगळ्या लाइव्ह अल्बमांत हाच खरा. वूडू लाउंज टूर चालू होती, स्टेडियमं भरत होती, आणि त्यातूनच वेळ काढून ही मंडळी अ‍ॅमस्टरडॅमच्या पॅराडिसोत (जुनं चर्च आहे ते), पॅरिसच्या ऑलिम्पियात, लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत वाजवून आली. स्टेडियममधे ड्रमर चार्ली वॉट्स ऐकूच यायचा नाही हो, नुसता धपधप आवाज यायचा. इथे तो तालाच्या किंचित मागे रेलून वाजवतोय ते कळतं, दोन गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात, कोण काय करतंय ते समजतं. आणि 'स्पायडर अँड द फ्लाय'! मूळ गाणं १९६५चं, त्यातली तिशीची बाई गायक जॅगरने इथे पन्नाशीची करून टाकलीय, कारण हा स्वतःच पन्नाशी ओलांडलेला. म्हातारं होणं असं मिश्कीलपणे गाता आलं पाहिजे.

उलटतपासणी:
जोरदार असहमत. लाइव्ह कुठेय यात? १४ गाणी, त्यातली निम्मी तरी टोकियो नि लिस्बनच्या स्टुडिओतली. तुम्ही ज्या गाण्यावर एवढे फिदा आहात ते टोकियोचंच आहे, समोर चिटपाखरू नव्हतं! आणि ब्रिक्स्टन म्हणजे पाचेक हजारांचा हॉल, त्याला घरगुती मैफल म्हणायचं का आता? १९९२ला गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनचा 'अनप्लग्ड' हा अकूस्टिक लाइव्ह अल्बम तुफान चालला, मग निर्वाणा बँडचा तसाच आला, सगळेच अकूस्टिक गिटारी घेऊन स्टुलावर बसायला लागले, त्या वाहत्या गंगेत यांनीही हात धुऊन घेतले. बाकी काही नाही.

खर्ज:
स्टुडिओतलं आहे हे मान्य, पण सगळे एका खोलीत बसून एकत्र वाजवतायत ना? टाळ्या नाहीत म्हणून लाइव्ह नाही, हे काय लॉजिक. लोक ज्याला डोक्यावर घेतात तो यांचाच 'गेट यर या-याज आउट' बघा, १९६९च्या कॉन्सर्टचा, त्यात गायनाचे काही भाग नंतर स्टुडिओत परत गाऊन चिकटवलेत. टाळ्या खऱ्या, गळा नंतरचा. ते चालतं?

एकताल:
दोघांचंही चुकतंय :) छोट्या जागेतले स्टोन्स ऐकायचेत तर एल मोकॅम्बो. टोरांटोचा क्लब, मार्च १९७७, जेमतेम तीनशे माणसं, जाहिरातीत नाव एप्रिल वाइन बँडचं आणि हे 'कॉक्रोचेस' नाव घेऊन लपूनछपून आलेले. गिटारवाला कीथ रिचर्ड्स तेव्हा तिथेच हेरॉइनच्या केसमधे अडकला होता, तुरुंगात जायची टांगती तलवार, आणि वाजवतोय असा की जणू उद्या गिटार काढून घेणारेत. त्यातली चारच गाणी तेव्हा 'लव्ह यू लाइव्ह' अल्बमवर आली, अख्खा कार्यक्रम २०२२मधे निघाला. ४५ वर्षं डबाबंद!! त्यापुढे 'स्ट्रिप्ड' म्हणजे इस्त्री केलेला शर्ट वाटतो.

खर्ज:
एल मोकॅम्बो भारीच, वादच नाही. पण ती तिशीतल्या माणसांची धुंदी आहे. मला बोलायचंय ते तीस वर्षं एकत्र घासल्यावर काय उरतं याबद्दल. 'स्लिपिंग अवे'मधला कीथचा तो फाटका आवाज १९७७मधे कुठून आणणार होतात?

उलटतपासणी:
तीस वर्षं एकत्र म्हणे. मूळचा बास गिटारवाला बिल वायमन सोडून गेला होता की, बासवर डॅरिल जोन्स आहे. (वाजवतो उत्तम, ते सोडा.) माझं दुखणं वेगळंय. जॅगर बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' गातो ते ब्रिक्स्टनचं रेकॉर्डिंग ऐका, पब्लिक कोरसला तुटून पडतं, तो त्यांना अजून चढवतो, हे आधी ठरवून होत नाही. तुमचं टोकियो सुरेल आहे, पण त्यात काही बिघडायची भीतीच नाही, चुकलं की परत घ्या. भीती नसेल तर ती तालीमच, कितीही गोड असो.

एकताल:
हे मात्र पटलं. मग २०१६चा 'टोटली स्ट्रिप्ड' घ्या ना, त्यात क्लबातलीच रेकॉर्डिंगं आहेत. मिटला वाद.

खर्ज:
तो आहे माझ्याकडे, दोनदा ऐकला. रात्री लावतो ते टोकियोचंच.

उलटतपासणी:
झोप लागायला का? 😄